लेखन (सोलापूर परिसर)

लेखन : बोललेला शब्द, मोजलेला माल किंवा दिलेले वचन खुणांच्या रूपाने टिकवण्याची रीत. बोलणारा समोर नसला, अगदी हयात नसला, तरी त्याचे म्हणणे तिऱ्हाइतापर्यंत पोहोचते, हा तिचा मुख्य उपयोग. पण लिहिलेल्याला वाचणारा लागतो. वाचता येणारा आणि न येणारा यांच्यात लेखन अंतरही पाडते. सोलापूर जिल्ह्यात या दोन्ही गोष्टी जवळून दिसतात.

भीमा-सीना संगमावर हत्तरसंग-कुडल येथील संगमेश्वर मंदिरात शके ९४० (इ. स. १०१८) चा लेख आहे. सोलापूरचे शिलालेख अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. त्याची अखेर ‘वाछि तो विजेया होऐवा’ अशी आहे, म्हणजे जो वाचेल तो विजयी होईल. मराठीतला पहिला लेख हा, की रायगड जिल्ह्यातील अक्षीचा, यावर अभ्यासकांनी खुशाल वाद घालावा. लक्षात राहते ती ही ओळ. जुन्या दानलेखांच्या शेवटी बहुधा दान मोडणाऱ्याला शाप असतो. इथे वाचणाऱ्याला आशीर्वाद आहे.

पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरातला चौऱ्याऐंशीचा लेख (शके ११९५ ते ११९९) म्हणजे देणगीदारांची यादी : कोणी काय दिले, याची. भाविकांनी मात्र त्याचा निराळाच अर्थ लावला. या शिळेला पाठ घासली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी श्रद्धा. ज्यांनी नाव राहावे म्हणून दान कोरून घेतले, त्यांची अक्षरे वारकऱ्यांच्या पाठींनी झिजली. मंगळवेढ्याच्या चोखोबांचे अभंग अनंतभट्टाने उतरवून घेतले, अशी परंपरा आहे. ज्याला देवळात पाऊल टाकू दिले नाही, त्याची वाणी कागदावरून पुढे गेली.

लिहिलेले मोठ्याने वाचले जाण्याला किती वजन असते, ते सोलापूरकर दर जानेवारीत अनुभवतात. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचे प्रतीकात्मक लग्न, होतो. त्याआधी संमतीचे, म्हणजे या लग्नाच्या लिखित मंगलपाठाचे, पूजन होते, मग ती वाचली जाते. संमती कन्नड, ऐकणारे मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी बोलणारे. बहुतेकांना शब्द न् शब्द कळत नाही. तरी ‘सत्यम् सत्यम्, दिड्डम् दिड्डम्’ कानावर पडले की हात वर होतात आणि अक्षता पडतात. वाचल्याशिवाय लग्न लागत नाही. स्वतः सिद्धेश्वर, म्हणजेच सिद्धरामेश्वर, १२ व्या शतकातले कन्नड वचनकार, हेही इथे सांगायला हवे.

मागावरचे लेखन वेगळे. सोलापुरी चादरीची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर भरतात, मग पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोके पाडतात. भोक असेल तिथला धागा वर, नसेल तिथला खाली. हा मजकूर माणूस नव्हे, मागावरचे जेकार्ड यंत्र वाचते.

विडी वळणाऱ्या बायांच्या हिशेबात लेखनाची दुसरी बाजू दिसते. मजुरी हजार विड्यांमागे. पान आणि तंबाखू किती नेली, विड्या किती भरल्या, छाट म्हणून किती बाजूला काढल्या, हे सगळे कार्डावर चढते. विडी कामगारांसाठी १९६६ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. तरी वाद झाला की कार्डावरचा आकडाच पुढे केला जातो, आणि तो लिहिणारा बहुधा समोरचा असतो. निरक्षर बाई आकड्याखाली अंगठा उमटवते. विड्या मात्र तिने बोटांवर मोजलेल्या असतात. म्हणून पुष्कळ घरांत शाळेतून आलेल्या लेकीचे पहिले काम आईचे कार्ड वाचून दाखवणे हे असते. कधी ती म्हणते, “आई, हितं नऊशेच लिवलंय.” मग आई उठते, पदर खोचते आणि कार्ड घेऊन परत निघते.