पिंजऱ्यातल्या पोपटाला खेळणं कधी मिळालं?

पोपट पाळायची हौस जुनी आहे, पण त्याला खेळायला काही द्यावं हे अलीकडे सुचलेलं. चौसष्ट कलांच्या यादीत शुकसारिकाप्रलापन आहे, म्हणजे पोपट-मैनेला बोलायला शिकवणं. पोपटाने आपली करमणूक करायची. त्याची कुणी करायची, हे कुणी विचारलंच नाही. आपल्याकडच्या जुन्या पिंजऱ्यात टांगलेली कडी, पाण्याची वाटी, भिजवलेली डाळ आणि तारेत खोचलेली हिरवी मिरची एवढाच संसार. खरं खेळणं म्हणायचं तर ती मिरचीच. एका पायात धरायची, देठ खुडायचा, साल फाडून बिया टिपायच्या. यात त्याचा बराच वेळ जाई.

विलायतेतही वेगळं काही नव्हतं. इंग्रज पक्षितज्ज्ञ जॉन गूल्ड यांनी 1840 मध्ये ऑस्ट्रेलियातून जिवंत बजरीगर इंग्लंडला नेले (आपल्याकडे ज्याला सर्रास लव्हबर्ड म्हणून खपवतात तोच हा) आणि पुढे तो घराघरांत पोचला. तिथेही कौतुक बोलण्याचंच. 1958 मध्ये बीबीसीची बोलक्या पक्ष्यांची स्पर्धा जिंकणाऱ्या स्पार्की विल्यम्स या बजरीगरचे 531 शब्द मोजले गेले होते. एकट्या पक्ष्याला सोबत म्हणून आरसा टांगायची पद्धतही रुळली. ती मला आजही पटत नाही. पक्षी प्रतिबिंबालाच जोडीदार समजून घास ओकून भरवत बसतो, आणि माणसाकडे फिरकेनासा होतो.

वळण आलं ते 1977 मध्ये. प्राण्यांच्या बुद्धीचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन संशोधक आयरीन पेपरबर्ग यांनी शिकागोच्या एका दुकानातून ॲलेक्स नावाचा आफ्रिकन ग्रे (करड्या रंगाचा आफ्रिकी पोपट) घेतला. पुढे तो सुमारे पन्नास वस्तू ओळखू लागला. सगळ्यांना आठवतं ते त्याचं बोलणं, पण बाईंची खरी युक्ती बक्षिसात होती. बरोबर उत्तराला दाणा मिळत नसे, ज्या वस्तूचं नाव घेतलं तीच वस्तू मिळे. 'बूच' म्हटलं की बूच, 'कागद' म्हटलं की कागद. तो ते चावून भुगा करी. त्या भुग्यासाठी पक्षी डोकं चालवायला तयार आहे, हे त्यातून दिसलं.

पोपटांना काम का लागतं, याचं उत्तर जंगलात आहे. तिथे दिवसाचे कित्येक तास अन्न शोधण्यात, सोलण्यात, फोडण्यात जातात. पिंजऱ्यात वाटी भरलेली. पोट अर्ध्या-पाऊण तासात भरतं आणि मग दिवसभर चोच रिकामी. ती स्वतःच्याच पिसांकडे वळते. कॅलिफोर्नियात डेव्हिस इथल्या विद्यापीठात तरुण ॲमेझॉन पोपटांवर 48 आठवडे प्रयोग झाला, तो 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना अन्न कुरतडून, उघडून, शोधून काढावं लागे आणि चढायला-लोंबकळायला सोय होती, त्यांची पिसं शाबूत राहिली. बाकीच्यांनी उपटली होती. पण तीच साधनं नंतर त्यांना दिली तेव्हा त्यांच्यातही सुधारणा दिसली.

सुरक्षिततेचे नियम मात्र प्रयोगशाळेतून कमी, मेलेल्या पक्ष्यांवरून जास्त आले. गॅल्व्हनाइज्ड जाळीवरचं जस्त पोपट चाटून-चावून खातो आणि विषबाधा होते. पक्ष्यांचे डॉक्टर याला 'नव्या तारेचा आजार' म्हणत, कारण पिंजरा नवा असतानाच तो व्हायचा. शिशाचंही तसंच, स्वस्त घंटीचा लोलक किंवा पडद्याच्या काठातलं वजन पुरतं. म्हणून साखळी-हूक स्टेनलेस स्टीलचेच. घुंगरू दिसायला गोड, पण त्याच्या फटीत नख अडकतं. सुती दोर उसवला की धागे अन्नपिशवीत गोळा होतात, नाहीतर बोटाला आवळतात. बजरीगरचं प्लॅस्टिकचं खेळणं ग्रेच्या चोचीत दोन मिनिटं टिकत नाही, आणि गिळले जातात ते त्याचे तुकडे.

आपल्याकडे या गोष्टीला आणखी एक पदर आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 मुळे गळ्यात लाल कंठ असलेला आपला हिरवा कीर पाळणं-विकणं गुन्हा आहे, मग पिंजऱ्यात कितीही खेळणी असोत. दुकानातली खेळणी असतात ती बजरीगर, कॉकटील, ग्रे अशा परदेशी पक्ष्यांसाठी. त्यातही ग्रे 2017 पासून 'साइट्स' या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक परिशिष्टात आहे आणि 2024 च्या नियमांनुसार त्याची केंद्र सरकारच्या 'परिवेश' या संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते.

खेळण्यांवर फार खर्च करायची गरज नाही. न फवारलेली पेरूची फांदी, घासून घेतलेली करवंटी, सालीसकट मक्याचं कणीस, शाई-डिंक नसलेल्या पुठ्ठ्यात गुंडाळलेला दाणा, इतकं पुष्कळ. फोडून टाकलं तर पैसे वसूल. ग्रेसाठी मात्र नवी वस्तू थेट आत टांगू नका, तो बिचकतो. आधी चार दिवस पिंजऱ्याबाहेर, त्याला दिसेल अशी ठेवा आणि त्याच्यासमोर तुम्हीच तिच्याशी खेळा.