अठरा कौंट्या आणि एक उन्हाळा

2025 मध्ये इंग्लंडच्या अठरा कौंट्यांनी, म्हणजे परगण्यांच्या क्रिकेट क्लबांनी, आपल्या उन्हाळ्याचं काय करायचं यावर मतदान केलं. खेळाडूंच्या संघटनेची तक्रार जुनी होती: सामने फार, प्रवास फार, विश्रांती नावाला. ती ऐकून घेऊन कौंट्यांनी आपल्या वीस षटकांच्या स्पर्धेतले, ट्वेन्टी-20 ब्लास्टमधले, साखळी सामने 14 वरून 12 केले. कौंटी चॅम्पियनशिपचे चारदिवसीय सामनेही 14 वरून खाली आणण्याचे आराखडे समोर होते. अशा बदलाला आता अठरापैकी बारा मतं लागतात. ती मिळाली नाहीत आणि चौदाचे चौदाच राहिले.

इंग्लंडमध्ये हा वाद दर चार-पाच वर्षांनी नव्यानं पेटतो. समिती बसते, अहवाल येतो, सभासद चिडतात, मतदान होतं आणि अहवालाचा अर्धा भाग फडताळात जातो. इतिहास चाळला तर यातलं एक सूत्र लख्ख दिसतं. इंग्लंडच्या देशांतर्गत क्रिकेटमध्ये नवं काही वाढवायला कौंट्या तयार होतात, जुनं काही काढून टाकायला मात्र सहसा नाही. आणि उन्हाळा तर एप्रिल ते सप्टेंबर एवढाच. तो काही वाढत नाही.

याचं मूळ जन्मातच आहे. कौंटी चॅम्पियनशिप कोणी एका जागी बसून आखलेली नाही. एकोणिसाव्या शतकात कौंट्या एकमेकींशी हवे तसे सामने ठरवत आणि मोसम संपल्यावर विजेता कोण हे वर्तमानपत्रं ठरवत. त्यांचंही दरवेळी एकमत होई असं नाही. खेळाडूनं एका मोसमात एकाच कौंटीकडून खेळायचं, जन्माच्या नाहीतर वास्तव्याच्या, हा नियमसुद्धा 1873 मध्ये आला. अधिकृत स्पर्धा 1890 मध्ये आठ कौंट्यांची सुरू झाली आणि सरे पहिली विजेती ठरली. पुढच्या वर्षी सॉमरसेट आली, 1895 मध्ये एकदम पाच जणी आल्या, मग वूस्टरशर, नॉर्थम्प्टनशर, 1921 मध्ये वेल्समधली ग्लॅमॉर्गन. सतरा झाल्या त्या थेट 1992 पर्यंत, मग डरहॅम अठरावी. एकदा आत आलेली कौंटी आजवर कायमची बाहेर गेलेली नाही. सॉमरसेटनं तर आत येऊन सव्वाशेहून जास्त वर्षं काढली, चॅम्पियनशिप एकदाही जिंकली नाही, आणि तरी तिच्या टाँटनच्या मैदानावरची गर्दी इतरांना हेवा वाटावा अशी असते.

गंमत म्हणजे कित्येक दशकं सगळ्या कौंट्या सारखे सामनेही खेळत नसत. कोणी 28, कोणी 32. मग क्रम लावायचा तो सरासरी काढून. ज्या स्पर्धेत मूळ गणितच असं सैल, तिच्यात शिस्त आणू पाहणाऱ्याला विरोध होणारच.

सामने तीन दिवसांचे, तेही बरेचसे कामाच्या दिवशी. कारखान्यातला माणूस येणार कधी? दोन महायुद्धांच्या मधल्या काळात कौंट्यांची तिजोरी इतकी आटली की 1937 मध्ये विल्यम फिंडले यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी बसली. कौंट्या सतरावरून पंधरा कराव्यात का, हा प्रश्न तेव्हाच चर्चेला आला होता. आज कोणी 'अठरा फार झाल्या' म्हटलं की काहीतरी नवं पाखंड ऐकल्यासारखी खळबळ उडते. प्रत्यक्षात हे पाखंड नव्वदीच्या घरात आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर लोक खेळाला आसुसलेले होते. 1947 च्या उन्हाळ्यात डेनिस कॉम्प्टननं 3,816 धावा केल्या, त्याचा मिडलसेक्सचाच जोडीदार बिल एडरिचनं 3,539. मैदानं भरून वाहिली. ही भरती काही वर्षांतच ओसरली. घरात दूरचित्रवाणी आली, दारात मोटार आली, आणि 1960 च्या दशकात प्रेक्षकांचा आकडा पार खाली घसरला. पैशाची ही चणचण हीच पुढच्या प्रत्येक सुधारणेची आई.

पहिलं मोठं पाऊल पडलं ते लॉर्ड्सवर नाही, लेस्टरमध्ये. लेस्टरशरचे सचिव माइक टर्नर यांनी 1962 मध्ये मध्य इंग्लंडमधल्या चार कौंट्यांची मर्यादित षटकांची छोटी बादफेरीची स्पर्धा भरवून पाहिली. पुढच्याच वर्षी जिलेट कप सुरू झाला, पहिल्या मोसमात 65 षटकांचा. त्याच हिवाळ्यात हौशी 'जंटलमन' आणि व्यावसायिक 'प्लेयर' हा भेदही नियमातून पुसला गेला होता. टेड डेक्स्टरच्या ससेक्सनं अंतिम सामन्यात वूस्टरशरला हरवलं. क्षेत्ररक्षक सीमारेषेवर पांगवून धावा आवळायच्या, हे डेक्स्टरनं इतरांच्या आधी ओळखलं होतं. जुन्या मंडळींनी नाकं मुरडली, पण लॉर्ड्स भरलं होतं.

मग भराभर गोष्टी घडल्या. 1968 मध्ये परदेशी खेळाडूंना वास्तव्याची अट न घालता घेण्याची मुभा मिळाली. गॅरी सोबर्स नॉटिंगहॅमशरला आला आणि त्याच मोसमात स्वान्सीला माल्कम नॅशच्या एका षटकात त्यानं सहा षटकार मारले. आपला फारूख इंजिनीअर लँकशरला गेला तोही याच वाटेनं. 1969 मध्ये रविवारची 40 षटकांची जॉन प्लेयर लीग आली. तिचे पहिले दोन्ही मोसम लँकशरनं जिंकले, 1970 ते 72 असा सलग तीनदा जिलेट कपही नेला. मुंबईच्या मैदानांत वाढलेल्या यष्टिरक्षक इंजिनीअरची फटकेबाजी लँकशरच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाला अगदी मानवली. 1972 मध्ये 55 षटकांचा बेन्सन अँड हेजेस कप आला. चॅम्पियनशिप धरून एकाच उन्हाळ्यात चार स्पर्धा!

त्या काळातला शनिवार-रविवार डोळ्यांसमोर आणा. शनिवारी तीनदिवसीय सामना सुरू करायचा. रविवारी तो तसाच थांबवून 40 षटकांचा सामना खेळायचा, कित्येकदा दुसऱ्याच गावात आणि दुसऱ्याच संघाशी. सोमवारी परत येऊन अर्धवट डाव पुढे चालू करायचा. मधला प्रवास आपापल्या मोटारीनं. आजच्या खेळाडूला हे सांगितलं तर त्याचा विश्वास बसणार नाही.

दुसरा रस्ता सुचवला गेला नव्हता असं नाही. डेव्हिड क्लार्क यांच्या समितीनं 1960 च्या दशकातच सुचवलं होतं की तीनदिवसीय सामने 16 वर आणा आणि जोडीला 16 एकदिवसीय सामने ठेवा. म्हणजे एक वाढवताना दुसरं कमी करा. कौंट्यांनी ते फेटाळलं आणि रविवारची लीग तेवढी जोडून घेतली. यात त्यांचा नुसता हट्ट होता असं मी म्हणणार नाही. बहुतेक कौंट्या आजही सभासदांच्या मालकीच्या आहेत. वर्षाची वर्गणी भरणाऱ्या सभासदाला त्या पैशात मिळतात ते मुख्यतः चॅम्पियनशिपचे दिवस. सामने कमी करा म्हणजे त्याचा उन्हाळा कमी करा. चेल्टनहॅमला कॉलेजच्या मैदानावर 1872 पासून सामने होतात, स्कारबरोला समुद्राच्या वाऱ्यात होतात. वेळापत्रकाला कात्री लागली की पहिला घाव अशाच ठिकाणांवर बसतो.

तरी एक कपात कौंट्यांनी केलीच, आणि तिच्यामागे पैशापेक्षा मार जास्त होता. इंग्लंडचा कसोटी संघ 1980 च्या दशकाअखेर सपाटून हरू लागला. तीन दिवसांच्या सामन्यात निकाल लागावा म्हणून कप्तान आपसात ठरवून डाव घोषित करतात, मुद्दाम सोप्या धावा देतात, अशानं कसोटीपटू कसे घडणार, हा आक्षेप वाढला. 1988 मध्ये काही सामने चार दिवसांचे करून पाहिले आणि 1993 पासून सगळेच. प्रत्येक कौंटीनं उरलेल्या सतरा जणींशी एकेकदा खेळायचं, म्हणजे सामने कमी पण लांब. रचना म्हणून इतकी सरळ व्यवस्था या स्पर्धेला आधी कधी लाभली नव्हती आणि नंतरही लाभलेली नाही, असं माझं मत.

परंपरेचा आणखी एक बुरूज त्याच सुमारास ढासळला. यॉर्कशरकडून खेळायला यॉर्कशरमध्येच जन्मावं लागे, असा तिथला अलिखित दंडक. तो मोडून त्यांनी 1992 मध्ये पहिला परदेशी खेळाडू आणला. जायबंदी झालेल्या क्रेग मॅकडरमॉटच्या जागी आलेला हा मुलगा 19 वर्षांचा होता. त्याचं नाव सचिन तेंडुलकर. त्या मोसमात त्याच्या प्रथम श्रेणीत हजारावर धावा झाल्या. आपल्याकडच्या मराठी घरांत हेडिंग्ली हे यॉर्कशरच्या मैदानाचं नाव रुळलं ते बहुधा तेव्हापासून.

1997 मध्ये इंग्लंड आणि वेल्स क्रिकेट मंडळ स्थापन झालं. अध्यक्ष लॉर्ड मॅकलॉरिन टेस्को या दुकानांच्या साखळीचे मोठे अधिकारी होते. त्यांनी चॅम्पियनशिपचे तीन गट पाडायचं सुचवलं. कौंट्यांनी नकार दिला. पण 1999 मध्ये न्यूझीलंडकडून घरच्या मैदानावर मालिका हरण्यापर्यंत मजल गेली, आणि 2000 पासून नऊ-नऊ कौंट्यांचे दोन विभाग झाले, दर मोसमाअखेर तीन वर जाणार, तीन खाली येणार. त्याच वर्षी मंडळानं निवडक खेळाडूंशी थेट करार केले. हा करारांचा भाग कागदावर किरकोळ दिसतो, पण तोच सर्वांत खोलवर गेला. त्याआधी वेगवान गोलंदाज कौंटीसाठी आठवडाभर राबून दमलेल्या खांद्यानं कसोटीला उभा राहायचा. आता त्यानं कधी खेळायचं हे कौंटीच्या हाती उरलं नाही. कसोटी संघ सुधारला, आणि बडे खेळाडू कौंटीच्या मैदानावर दिसेनासे झाले.

मग 2003. बेन्सन अँड हेजेस कप बंद झाला होता, मोकळी जागा भरायची होती. मंडळाच्या विपणन विभागातले स्टुअर्ट रॉबर्टसन यांनी वीस षटकांचा, संध्याकाळी तीन तासांत संपणारा सामना सुचवला. मतदान झालं 11 विरुद्ध 7. चार मतांचा फरक! दोन मतं इकडची तिकडे झाली असती तर हा खेळ जन्मला असता का, कधी, कुठे, कोण जाणे. कौंट्यांनी ट्वेन्टी-20 जन्माला घातलं, पण त्यावर बंगला बांधला तो दुसऱ्यांनी. 2008 मध्ये आयपीएल सुरू झालं. त्याच वर्षी लॉर्ड्सचा मालक क्लब एमसीसीचे कीथ ब्रॅडशॉ आणि सरेचे डेव्हिड स्ट्युअर्ट यांनी नऊ संघांची फ्रँचायझी स्पर्धा मांडली. अठरातून नऊच संघ उरणार म्हटल्यावर लहान कौंट्यांनी ती उचलून धरण्याचा प्रश्नच नव्हता.

दहा वर्षांनी तेच वेगळ्या वाटेनं आलं. आठ संघांच्या नव्या ट्वेन्टी-20 स्पर्धेला 2017 मध्ये कौंट्यांची मान्यता मिळाली. एप्रिल 2018 मध्ये मंडळानं जाहीर केलं की सामना 100 चेंडूंचा असेल. मतं दिली एकाला, घरी आलं भलतंच, अशी अनेक सभासदांची भावना झाली आणि ती गैर नव्हती. बदल्यात प्रत्येक कौंटीला वर्षाला 13 लाख पौंड मिळणार होते. कोविडमुळे वर्षभर लांबून 'द हंड्रेड' 2021 मध्ये सुरू झाली, तीही महिलांच्या सामन्यानं. स्त्रियांच्या क्रिकेटला तिनं भरलेली मैदानं दिली, हे विरोधकांनाही मान्य करावं लागतं.

तिनं घेतला तो ऑगस्ट. शाळांना सुट्टी, कोरडी खेळपट्टी, लांबलेली संध्याकाळ, म्हणजे उन्हाळ्याचं काळीजच. चॅम्पियनशिप ढकलली गेली एप्रिल-मे आणि सप्टेंबरकडे. एप्रिलमध्ये हाताला थंडीचे चटके बसतात, इंग्लंडमध्ये वापरला जाणारा ड्यूक्स बनावटीचा चेंडू ओलसर खेळपट्टीवर नुसता टप्प्यावर ठेवला तरी बळी मिळतात. फिरकीपटू हातमोजे घालून सीमारेषेवर उभा. यावर उतारेही शोधले गेले. 2016 ते 2019 पाहुण्या कप्तानाला नाणेफेक न करताच गोलंदाजी घेता येत असे, म्हणजे यजमानानं हिरवी खेळपट्टी करू नये. 2023 पासून काही फेऱ्यांत हवेत कमी वळणारा कुकाबुरा बनावटीचा चेंडू आणला. 2025 मध्ये त्याच चेंडूवर सरेनं डरहॅमविरुद्ध ओव्हलवर 9 बाद 820 धावा केल्या, डॉम सिब्लीनं 305. तो प्रयोगही गुंडाळला गेला. दुखणं तारखांचं होतं, औषध चेंडूला लावलं.

ऑस्ट्रेलियात 2021-22 ची अॅशेस 4-0 अशी हरल्यावर माजी कप्तान अँड्र्यू स्ट्रॉस यांनी नवा अहवाल दिला: वरच्या विभागात सहाच कौंट्या, प्रत्येकी दहा सामने. सभासद संघटित झाले, बारा मतं जमण्याची शक्यता उरली नाही आणि रचनेचा भाग बाजूला पडला. विरोधकांचं सर्वांत भक्कम उत्तर पुढे मैदानावरच मिळालं. 2013 आणि 2014 अशी सलग दोन वर्षं चॅम्पियनशिपचा एकही सामना न जिंकलेली, 2003 नंतर वरच्या विभागात न दिसलेली लेस्टरशर 2025 मध्ये दुसरा विभाग जिंकून वर आली. सहाच जागा असत्या तर ही वाट किती चिंचोळी झाली असती?

स्ट्रॉस यांच्या बाजूनंही बोलायला हवं. चौदा सामने तसेच ठेवायचे, ब्लास्टही ठेवायची, हंड्रेडही ठेवायची, तर 50 षटकांच्या स्पर्धेचं काय होतं? ती हंड्रेडच्याच ऑगस्टमध्ये दुसऱ्या फळीच्या संघांत खेळली जाते. 2019 चा विश्वचषक जिंकणाऱ्या देशात ही अवस्था. 2023 मध्ये त्या स्पर्धेत पृथ्वी शॉनं नॉर्थम्प्टनशरकडून 244 केल्या तेव्हा इंग्लंडचे नावाजलेले गोलंदाज दुसरीकडे शंभर चेंडूंचा खेळ खेळत होते.

आता पाटावर नवं पान वाढलं आहे. 2025 मध्ये हंड्रेडच्या आठही संघांतले हिस्से विकले गेले. ओव्हलच्या संघातला 49 टक्के हिस्सा रिलायन्सनं घेतला आणि 2026 पासून तो संघ एमआय लंडन झाला. लीड्सचा संघ सन टीव्ही समूहानं यॉर्कशरकडून पूर्णच विकत घेतला. विक्रीतून सुमारे 50 कोटी पौंड खेळात येतात आणि त्यातला वाटा अठराही कौंट्यांना मिळतो, हंड्रेडचं मैदान नसलेल्यांना अधिक. कर्जं फिटतील, प्रेक्षागृहांची छपरं दुरुस्त होतील.

मात्र ऑगस्टमध्ये काय खेळायचं, हे आता कौंट्यांच्या सभेत बारा मतं गोळा करून बदलण्यासारखं राहिलेलं नाही. त्यांच्या हाती उरतात ते एप्रिल, मे, सप्टेंबर आणि जूनचे काही आठवडे. चॅम्पियनशिपचे सामने चौदा की बारा हा वाद चालू आहे तो एवढ्याच जागेवरचा.