पाकिटावर सोळा, पडद्यावर चौदा

बेळगावच्या खडे बाजारातल्या एका मोबाइल दुकानात काउंटरच्या काचेला आतून एक कागद बरीच वर्षे चिकटवलेला होता. हाताने लिहिलेला. डावीकडे २, ४, ८, १६, ३२ आणि उजवीकडे १.८, ३.७, ७.४, १४.९, २९.८. वर मराठीत एक ओळ, खाली तीच कन्नडमध्ये : ‘इतकेच दाखवते. तक्रार करू नये.’ तरी तक्रार व्हायचीच. “सोळा म्हणून दिलास, खरं चौदाच दाखवायलंय की!” (आमच्याकडे ‘खरं’ म्हणजे ‘पण’, हे पुण्याकडच्या वाचकांसाठी.) दुकानदार बोटाने कागद दाखवायचा, गिऱ्हाईक पेन ड्राइव्ह परत काउंटरवर ठेवायचे, आणि मागे उभा असलेला तिसराच कोणी तरी म्हणायचा, सगळेच चोर.

दोन फोन किंवा दोन पेन ड्राइव्ह शेजारी ठेवून कोणता घ्यावा हे ठरवणे आज सोपे वाटते, कारण आकडे तयार मिळतात. त्या आकड्यांवर आमच्या भागात विश्वास का बसत नव्हता, आणि त्यातले काही अजूनही नीट जुळत का नाहीत, याची ही पार्श्वभूमी.

त्याआधीचा काळ थोडक्यात सांगतो. कॅसेटवर ६० किंवा ९० लिहिलेले असायचे आणि ती मिनिटे असायची. दोन्ही बाजू मिळून तेवढीच वाजायची, वाद नव्हता. खोट्या आकड्यांची सवय लावली ती टेपरेकॉर्डर आणि स्पीकरांवरच्या ‘पीएमपीओ’ वॉटने. हातात मावणाऱ्या डब्यावर पाचशे-हजार वॉट छापलेले, आणि आवाज देवघरातल्या घंटीएवढा. तो आकडा मोजायची ठरलेली पद्धतच नव्हती, ज्याला जो आवडेल तो छापत असे. तेव्हापासून छापील आकडा निम्मा धरून चालायचे, असा नियम घराघरांत झाला. पुढे पेन ड्राइव्हवर जो राग निघाला, त्याचे मूळ इथे आहे असे मला वाटते.

फोन आले तेव्हा सीमाभागाने तुलनेत स्वतःचा एक रकाना घातला : सिम किती? बेळगाव मोबाइल कंपन्यांच्या कर्नाटक सर्कलमध्ये (विभागात), आणि पंधरा-वीस मिनिटांवरची शिनोळी महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये. शेत इकडे, कारखाना तिकडे, लेक चंदगड तालुक्यात दिलेली. रोमिंगवर गेले की इनकमिंगलाही पैसे पडत. हद्दीवरच्या गावांत तर घरातल्या घरात जागा बदलली की टॉवर बदलायचा. माणूस ओट्यावर बसून बोलता बोलता परराज्यात जाई आणि बिल आले की त्याला ते कळे. म्हणून दोन सिम, आणि दोन सिमसाठी दोन फोन किंवा एक स्वस्तातला दुहेरी फोन. मुंबई-पुण्याचे लोक कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे विचारत होते तेव्हा निपाणी-खानापूरकडे पहिला प्रश्न ‘डबल सिम हाय काय?’ हा असे. त्या वेळी भारतात सर्वाधिक फोन विकणाऱ्या परदेशी कंपनीने दोन्ही सिम एकाच वेळी जागी ठेवणारा फोन आणायला २०११ उजाडवले. तोवर इथला तो धंदा नवख्या ब्रँडांनी नेला होता. २०१५ च्या जुलैत देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली, पुढच्या वर्षी फोर-जीची स्वस्त स्पर्धा सुरू झाली आणि रोमिंगचा प्रश्न विझला. दोन सिमची सवय मात्र राहिली.

दुसरा रकाना लिपीचा. आमच्या घरातल्या एका बटणांच्या फोनमध्ये कन्नड होते, तमिळ होते, मराठी नव्हते. फोन इथल्याच दुकानातून घेतलेला. मामेभावाने कोल्हापुराहून आणलेल्या तसल्याच फोनात मराठीही होते. सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनांवर तर मराठी मेसेज म्हणजे चौकोनांची रांग. २०१२ च्या सुमारास देवनागरी जोडाक्षरे बरी दिसू लागली. सगळ्या फोनांत देशातल्या अनुसूचित भाषा वाचता आल्या पाहिजेत, ही केंद्राची अधिसूचना २०१६ ची. आता तुलनेच्या तक्त्यात हा रकाना कोणी घालत नाही. आम्हाला तो किती दिवस घालावा लागला, हे नोंदवून ठेवावेसे वाटले.

खरा घोळ जीबीचा, म्हणजे गिगाबाइटचा. (बाइट हे साठवणीचे लहान माप.) आकड्यांच्या भांडणात दोन्ही बाजू एकाच वेळी बरोबर असणे क्वचित घडते. इथे तसे झाले, म्हणून यावर जरा जास्त थांबतो.

संगणकाची स्मृती दुपटीच्या हिशेबाने चालते : कप्प्याचा पत्ता सांगणारी एक तार वाढली की कप्पे दुप्पट. पत्ता सांगायच्या तारा दहा असतील तर १,०२४ कप्पे गाठता येतात. जुन्या मंडळींनी १,०२४ ला ‘किलो’ म्हणायला सुरुवात केली, कारण हजाराला ते जवळ होते. चोवीसचा फरक कोण मोजतो? पण पट वाढत गेली तशी ही उधारी साचत गेली. किलोला २.४ टक्के, मेगाला ४.९, गिगाला ७.४, टेराला जवळजवळ १०. हजाराच्या हिशेबाने एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट, १,०२४ च्या हिशेबाने १,०७,३७,४१,८२४. सात कोटींचा फरक. सोळा जीबीच्या पेन ड्राइव्हमध्ये सोळाशे कोटी बाइट खरोखरच असतात. विंडोज त्यांना मोठ्या जीबीने भागते, उत्तर १४.९ येते, आणि पुढे लिहिते ‘जीबी’. दुकानदाराने एक बाइटही खाल्लेला नसतो.

सगळ्यात गमतीची फ्लॉपी, म्हणजे पेन ड्राइव्हच्या आधीची चपटी चकती. तिच्यावरचा १.४४ एमबी हा आकडा दोन्ही पद्धतींत बसत नाही. तिची खरी जागा १४,७४,५६० बाइट. म्हणजे १,०२४ ला किलो धरायचे आणि मग हजार किलोचा एक मेगा करायचा. अर्धे पाऊल या राज्यात, अर्धे त्या. आम्हाला हे परके वाटायला नको.

हे निस्तरायला डिसेंबर १९९८ मध्ये मानके ठरवणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेने नवी नावे मंजूर केली. हजाराच्या पटीला किलो, मेगा, गिगा राहू द्यायचे आणि १,०२४ च्या पटीला किबि, मेबि, गिबि म्हणायचे. शास्त्र म्हणून बिनतोड निर्णय. पण त्यावरून तज्ज्ञांत जे वाजले ते आजतागायत शमलेले नाही. एक पक्ष म्हणाला, किलो म्हणजे हजार हे किराणा दुकानातल्या पोराला कळते, तुम्हीच ते वाकवलेत, तुम्हीच सरळ करा. दुसरा म्हणाला, इतकी वर्षे आमच्या धंद्यात हाच शब्द चालला, आता लहान मुलांच्या बडबडगीतासारखी नावे कोण घेणार? माझे मत विचाराल तर पहिला पक्ष बरोबर होता आणि दुसरा जिंकला. खडे बाजारात उभे राहून ‘सोळा गिबिबाइटचा दाखवा’ म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. चिप बनवणाऱ्यांच्या संघटनेने रॅमसाठी (काम चालू असतानाच्या तात्पुरत्या स्मृतीसाठी) जुनाच अर्थ चालू ठेवला. विंडोज जुन्याच रीतीने मोजून जुनेच नाव लिहीत राहिले. मॅकने २००९ मध्ये हजाराचा हिशेब धरला. पुढे अँड्रॉइडही त्याच वाटेने गेले.

अमेरिकेत हे कोर्टात गेले. हार्ड डिस्कच्या दोन मोठ्या कंपन्यांवर गिऱ्हाइकांनी दावे केले, २००६ आणि २००७ मध्ये तडजोडी झाल्या, पहिल्या तडजोडीत गिऱ्हाइकाच्या हातात पैसे नव्हे तर बॅकअपचे सॉफ्टवेअर पडले. त्यानंतर पाकिटावर बारीक अक्षरांत ‘एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट’ ही ओळ पक्की झाली. २०२० मध्ये तिकडच्याच एका न्यायालयाने पेन ड्राइव्हवरचा असाच दावा फेटाळताना त्या ओळीवरच बोट ठेवले. आमच्याकडे ती ओळ वाचायला भिंग लागते ही वेगळी गोष्ट.

बेळगावात हे समजावायला मला एकच दाखला कामी आला : तोळा. आजीच्या पाटल्या ज्या तोळ्याने मोजल्या तो ११.६६ ग्रॅमचा. सराफ आज ज्याला तोळा म्हणतो तो दहा ग्रॅमचा. शब्द तोच, सोने वेगळे. ज्या वर्षी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले त्याच १९५६ साली दशमान वजनमापांचा कायदाही झाला, आणि इतक्या वर्षांनीही लग्नाच्या बैठकीत कोणी तरी ‘जुना का नवा?’ विचारतेच. उद्यमबागेत लेथवर मायक्रॉनमध्ये काम करणारा आमचा एक शेजारी जीबीवरून भयंकर चिडायचा. त्याला तोळा सांगितला आणि तो गप्प झाला. मग म्हणाला, “म्हंजे पाकिटावर नवा, कॉम्प्युटरवर जुना.” याहून नेमके वाक्य मी कुठे वाचलेले नाही.

या गोंधळाचा फायदा खऱ्या चोरांनी घेतला. आकडा कमीच दिसतो हे एकदा अंगवळणी पडल्यावर कोणता कमी खरा आणि कोणता खोटा हे कळेना. पहिला पेन ड्राइव्ह २००० साली बाजारात आला तो ८ एमबीचा, साडेपाच फ्लॉप्यांएवढा. दहा वर्षांत रस्त्यावर ३२ जीबीचे मिळू लागले आणि त्यांतल्या काहींत आत चिप असायची दोन किंवा चार जीबीची. संगणकाशी बोलणारा कंट्रोलर मात्र शिकवून ठेवल्यासारखा ‘३२’ सांगायचा. आमच्या चुलतबहिणीच्या लग्नाचे चित्रीकरण अशाच एकावर भरून घेतले. फाइली सगळ्या दिसत होत्या, नावे बरोबर, आकार बरोबर. हळद चालली, सीमांतपूजन चालले, मंगलाष्टकांपाशी पडदा गोठला. चिप भरल्यावर पुढचे सगळे हवेत लिहिले गेले होते. चित्रीकरणवाल्याने कॅमेऱ्यातले कार्ड तोवर पुसून पुढच्या लग्नाला वापरले होते. त्या वरातीत कोण नाचले यावर घरात अजून दोन मते आहेत.

असा माल ओळखायचा उपाय एकच : पूर्ण भरून बघणे. भरायचा, परत वाचायचा, जुळते का पाहायचे. त्यासाठी फुकट प्रोग्रॅम मिळतात, पण वेळ लागतो, आणि गर्दीच्या दुकानात तो कोणाकडे असतो? शिवाय चार जीबीहून मोठी फाइल जुन्या फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हवर चढतच नाही. जुन्या विंडोजवर अशा वेळी ‘जागा नाही’ अशा अर्थाचा संदेश यायचा आणि चांगल्या पेन ड्राइव्हलाही शिव्या बसायच्या.

वेगाच्या बाबतीतही हेच. यूएसबी २.० वर ४८० लिहिलेले असते ते मेगाबिट, आणि आठ बिटांचा एक बाइट. आठाने भागा, मेगाबाइट साठ, तेही कागदावर. ५ गिगाबिटचे यूएसबी ३.० २००८ मध्ये आले. त्याचे नाव पुढे आधी ३.१ जेन १ आणि मग ३.२ जेन १ झाले, पण वेग तोच राहिला. गावाची नावे बदलण्याचा अनुभव असलेल्या आमच्यासारख्यांनाही हे जड गेले.

२०१४ नंतर बाजार दुकानातून उठून मोबाइलच्या पडद्यावर गेला. त्या वर्षी सात हजारांच्या आत एक नावाजलेला अँड्रॉइड फोन फक्त ऑनलाइन विकला गेला आणि मारुती गल्लीतल्या दुकानदारांना गिऱ्हाईक खोका दाखवून ‘हा किती बरा?’ विचारू लागले. त्यांनी न विकलेल्या मालाची तुलना त्यांनीच करायची. त्या फोनात साठा चार जीबी, त्यातला हाताशी येणारा सव्वादोनच्या आसपास. कार्ड ३२ जीबीचे रिकामे आणि फोन म्हणतो जागा संपली, कारण ॲप कार्डावर जायला तयार नाही. अँड्रॉइड ६.० ने २०१५ मध्ये कार्ड फोनच्याच साठ्यात धरायची सोय केली, तोवर कार्डाची खाच असलेले फोनच कमी होऊ लागले होते. किमतीचेही तसेच. दोन राज्यांचे व्हॅट वेगळे असल्याने कोल्हापूरचा फोन की बेळगावचा, हा हिशेब घरोघर चाले. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, फोनवर १२ टक्के, एप्रिल २०२० पासून १८, आणि तो हिशेब संपला.

आताच्या खोक्यावर ‘८ जीबी रॅम + १२८ जीबी रॉम’ असते. रॉम म्हणजे फक्त वाचता येणारी स्मृती. फोटो जिथे रोज लिहिले जातात त्या जागेला हे नाव का दिले असेल? दुकानात तर दोन्हींना ‘मेमरी’च म्हणतात. कधी ‘८+८’ही लिहिलेले असते, त्यातले दुसरे आठ म्हणजे साठ्यातूनच उसने घेतलेली, रॅमहून कितीतरी मंद जागा. आणि अधिकचे चिन्ह ज्यांच्या मध्ये आहे ते दोन जीबी एक नव्हेत : रॅमचा आठ जुन्या तोळ्याचा, साठ्याचा १२८ नव्या. फोनची सेटिंग उघडली तर पूर्ण १२८ दिसतात. त्याच क्षमतेचा पेन ड्राइव्ह संगणकाला लावला की ११९.

खडे बाजारातला तो कागद मध्यंतरी बदललेला दिसला. आता संगणकावर छापलेला आहे, २ आणि ४ च्या ओळी गेल्या आहेत, खाली ६४ आणि १२८ आल्या आहेत. पेन ड्राइव्ह विकत घेतात ते बहुतेक ट्रॅक्टरच्या आणि जुन्या गाड्यांच्या टेपसाठी, आणि दुकानदार न विचारताच तो फॅट-३२ करून देतो, कारण त्या टेपला दुसरे काही वाचता येत नाही. मागच्या खेपेला समोरच्या शेतकऱ्याने कागदाकडे बघितलेही नाही. त्याने विचारले, “गाणी किती बसत्यात?”