ट्रॅकवर सोलो: एकाच स्केलचा हट्ट कुठून आला

मुंबईत गिटारच्या क्लासला जाणारा मुलगा आज तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच साथीच्या वाद्यांचा तयार ट्रॅक लावून त्यावर सोलो वाजवायला बसतो. कॉर्ड (एकत्र वाजणारे साथीचे सूर) बदलत राहतात आणि तो मात्र पाचव्या फ्रेटवरच्या त्याच चौकटीत, म्हणजे एकाच स्केलच्या (सुरावलीच्या) ठरलेल्या जागांवर, फिरतो. ही पद्धत फार जुनी नाही.

मागची पिढी इथे तात्कालिक वादन, म्हणजे सुचेल तसे तिथल्या तिथे वाजवणे, शिकली ती साथीदारांच्या शेजारी बसून. १९३०च्या दशकात ताजमहाल हॉटेलात अमेरिकी जॅझ बँड आले, त्यांच्याबरोबर गोव्याचे वादक वाजवू लागले आणि तेच पुढे सिनेमाच्या स्टुडिओंत शिरले. तिथे मात्र बहुतेक काम नोटेशन समोर ठेवून चाले.

खरा परिणाम झाला ऑर्केस्ट्रांचा. सत्तर-ऐंशीच्या दशकांत दादर-गिरगावपासून गणेशोत्सवाच्या मांडवांपर्यंत ऑर्केस्ट्रे जोरात होते आणि गिटारवाल्याची परीक्षा एकच असे: रेकॉर्डवरचा पीस (गाण्यातला वाद्यांचा तुकडा) जसाच्या तसा निघाला पाहिजे. एखाद्याने मधल्या म्युझिकमध्ये स्वतःचे दोन सूर घातले की ‘पीस येत नाही याला’ असा शिक्का बसे. श्रोत्यांना पीस तोंडपाठ असत. तात्कालिक वादनाला इतका प्रतिकूल श्रोता दुसरीकडे शोधून सापडला नसता, पण त्या शिस्तीतून कान मात्र तयार झाले. मिनिटाला ३३ फेऱ्यांचा रेकॉर्ड १६च्या स्पीडवर लावला की वेग निम्मा होतो आणि सूर बरोबर एक सप्तक खाली येतो, ही युक्ती घरोघरी होती. कॅसेट आल्यावर ती सोय गेली. वर प्रत्येक टेपरेकॉर्डरची मोटर वेगळ्या चालीची, म्हणून आधी गिटार टेपला लावून घ्यायची आणि मग वाजवायचे. कॉर्ड कुठे बदलतो हे कुणी लिहून देत नसे. ते ऐकूनच काढावे लागे, आणि सोलोचा सूर कॉर्डच्या कुठल्या सुरावर टेकतो हे त्यातच कळे.

१९७८ला जॅझचा आणि १९८६ला रॉकचा महोत्सव मुंबईत सुरू झाला. धोबीतलावच्या रंगभवनात समोर बसून दुसऱ्याचा लीड, म्हणजे सोलो, ऐकणे हाही अनेकांचा क्लासच होता. पुढे रात्री दहाची मर्यादा आणि शांतता क्षेत्राचे नियम आले नि तिथले कार्यक्रम संपले. त्यानंतर सराव हेडफोनमध्ये गेला.

तयार साथीवर सराव करायची कल्पना मूळची अमेरिकेतली. न्यूयॉर्कमध्ये १९५०पासूनच एक वाद्य वगळलेले रेकॉर्ड निघत होते. १९६७ला इंडियानातल्या एका सॅक्सोफोनवादकाने जॅझसाठी पुस्तिका आणि रेकॉर्ड अशी जोडी काढली. तिच्यात बेस एका स्पीकरवर आणि पियानो दुसऱ्यावर असे. पियानोवाल्याने पियानोचा स्पीकर बंद करून स्वतः वाजवायचे. त्या पुस्तिकांत कॉर्डला जुळणारी स्केल दिलेली असत, म्हणजे कॉर्ड बदलला की सूरही बदलणार हे गृहीतच होते.

मुंबईत ट्रॅक आले, ते गृहीतक काही आले नाही. नव्वदनंतर परदेशी गिटार मिळू लागल्या, क्लासेस वाढले आणि एका बॅचमध्ये सात-आठ मुले बसू लागली. लंडनहून आलेल्या परीक्षांत न ऐकलेल्या ट्रॅकवर तिथल्या तिथे वाजवायचा पर्याय होता. तो कमी वेळात पार पाडायचा तर सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे मायनर पेंटॅटॉनिक. पाच सूर, एक चौकट, चुकायला जागा कमी. याच्या समर्थनार्थ एक देशी युक्तिवादही तयार झाला: आपला कान तानपुऱ्यावर वाढलेला, सा हलत नाही, मग एका सुरावलीत राहणे आपल्याला स्वाभाविकच. (या स्केलला सर्रास मालकंस म्हणतात. मालकंसात पंचम नाही. सूर धानी रागाचे आहेत.)

एका कॉर्डवर घोळणाऱ्या ट्रॅकला हा युक्तिवाद लागू पडतो, आपल्या गाण्यांना पडत नाही. हिंदी-मराठी सिनेमातली मायनरमधली अगणित गाणी स्केलच्या पाचव्या सुरावर मेजर कॉर्ड घेतात, म्हणजे ए मायनरमध्ये ई मेजर. त्या कॉर्डमध्ये जी शार्प (जीच्या एक फ्रेट वरचा सूर) आहे आणि पेंटॅटॉनिकमध्ये साधा जी. दुसऱ्या तारेवर आठव्या फ्रेटवर बोट ठेवून दोन मात्रा थांबा आणि खाली ई मेजर वाजू द्या, ऐकणारा मान वर करून बघतोच. बोट एक फ्रेट पुढे सरकवले की तोच सूर कॉर्डमध्ये जाऊन बसतो. शिकवायचे ते एवढेच, फार तर एका तासाचे काम.

समोरची बाजू म्हणते की ब्लूजमध्ये हीच टक्कर तर चव आणते. खरे आहे, पण ब्लूजवाला तो सूर बेंड करून, म्हणजे तार ओढून, मधेच कुठेतरी ठेवतो आणि लगेच सोडतो. संथ भावगीताच्या इंटरल्यूडमध्ये तो सरळ धरून ठेवला तर त्याला चव कुणी म्हणत नाही. जुने ऑर्केस्ट्रावाले स्केलची नावे सांगू शकत नसत, तरी हा जी शार्प त्यांच्या हातून सुटत नसे.

यूट्यूबने २००५नंतर फुकट ट्रॅकचा पूर आणला, आणि बहुतेक ट्रॅक त्या चौकटीला सोयीचे, दोन-तीन कॉर्डचेच होते. त्यामुळे वाद काही वर्षे झाकला गेला. मग गाण्यातून आवाज आणि वाद्ये वेगळी काढणारी ॲप्स आली. आता मुले आईवडिलांच्या आवडीचे जुने गाणे घेतात, मधला पीस काढून टाकतात आणि त्या रिकाम्या जागेत स्वतः वाजवतात. तिथे पहिल्याच कडव्याआधी ई मेजर येतो. काही क्लासेसनी म्हणून गेल्या काही वर्षांत आधी कॉर्डचे सूर आणि मग स्केल असा क्रम लावला आहे. बाकीच्यांचा पाचवा फ्रेट अजून सुटलेला नाही.