गल्लीतले खेळ आणि बडोद्याचे आखाडे

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही गटांच्या अंतिम सामन्यांत भारताने नेपाळला हरवलं. मॅटवर, झगझगीत दिव्यांखाली चाललेला तो खेळ टीव्हीवर बघताना बडोद्याच्या दांडिया बाजार-रावपुऱ्याकडे वाढलेल्या आमच्या पिढीचा ऊर भरून आला, आणि त्याला कारण आहे. या खेळाचे सुरुवातीचे छापील नियम ज्या मोजक्या गावांतून निघाले, त्यांत बडोदं आहे. खो-खोला स्पर्धेचं रूप द्यायचं काम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये हाती घेतलं. पुढे १९२४ च्या सुमारास बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने आपली नियमावली प्रसिद्ध केली. त्याच सुमारास या जिमखान्याने हुतुतूचेही, म्हणजे आजच्या कबड्डीचेही, नियम छापले आणि त्या नियमांनी बडोद्यात स्पर्धा भरवल्या. कबड्डीची अखिल भारतीय संघटना १९५० मध्ये झाली, आशियाई खेळांत कबड्डी १९९० मध्ये बेजिंगला पोचली. त्याच्या कितीतरी आधी हे सगळं आमच्या गावात झालेलं होतं.

गल्लीत खेळायचो तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. खेळ हा पावसासारखा आपोआप येतो असंच वाटायचं. आज मागे वळून बघितलं की लक्षात येतं, बडोद्यात ते आपोआप झालेलं नव्हतं. आखाडा, शाळा आणि बंदिस्त गल्ली ही तिन्ही एका गावात एकत्र आली, म्हणून आमचं लहानपण तसं गेलं.

खेळ स्वतः अर्थातच फार जुने. विटूदांडू, चेंडूफळी, हुतुतू, टिपरी, फुगडी ही नावं तुकोबांच्या अभंगांतच भेटतात. अठराव्या शतकात पिलाजीराव गायकवाड गुजरातेत उतरले, १७३४ मध्ये दमाजीरावांनी बडोदं कायमचं घेतलं, आणि शिलेदार, कारकून, भिक्षुक अशी देशावरची आणि कोकणातली कुटुंबं मागोमाग येऊन वसली. त्यांच्या पोरांबरोबर हे खेळही आले. इथे शेजारी गुजराती पोरं होतीच, आणि त्यांच्याकडेही तेच खेळ होते. त्यांचं मोई-दांडिया म्हणजे आपलं विटीदांडू, त्यांचं सतोडियुं म्हणजे आपली लगोरी, भमरडो म्हणजे भोवरा, लखोटी म्हणजे गोट्या. त्यामुळे एकत्र खेळायला कुणाला कुणाकडून काही शिकावं लागलं नाही. आमच्या लपंडावात राज्य घेणारा आकडे गुजरातीत मोजायचा, भांडण मराठीत व्हायचं, आणि गडी सापडला की दोन्ही घरची पोरं 'थप्पो' असंच ओरडायची.

आता आखाड्याकडे वळू, कारण बडोद्याचं वेगळेपण तिथेच आहे. खंडेराव महाराजांना (कारकीर्द १८५६ ते १८७०) कुस्तीचा आणि हत्तींच्या साठमारीचा, म्हणजे हत्तींच्या झुंजीच्या खेळाचा, विलक्षण नाद होता. नामांकित पैलवानांचा राबता दरबारात असे. गामा पैलवानाने १९०२ मध्ये इथे उचललेला म्हणून जो अजस्र दगड दाखवतात, तो कमाटीबागेतल्या संग्रहालयात आहे. शाळेची सहल गेली की प्रत्येक पोरगं त्या दगडाला हात लावून बघणारच.

पण दरबारी कुस्ती आणि गल्लीतला मुलगा यांच्यामध्ये पूल बांधला तो जुम्मादादांच्या आखाड्याने. १८८० च्या सुमाराचा हा आखाडा त्यांचे शिष्य राजरत्न प्रोफेसर माणिकराव (१८७८-१९५४) यांनी वाढवला आणि गुरूच्या नावाने तो जुम्मादादा व्यायाम मंदिर म्हणून देशभर ओळखला गेला. माणिकराव नुसते पैलवान नव्हते. लाठी, लेझीम, मल्लखांब शिकवणारे, हाडवैद्य म्हणून पंचक्रोशीत नाव असलेले, आणि सांघिक कवायतीला इंग्रजीऐवजी देशी भाषेतले हुकूम बसवून देणारे ते शिक्षक होते. माझ्या मते त्यांचं सगळ्यांत मोठं काम हे की व्यायाम त्यांनी निवडक तगड्या गड्यांपुरता ठेवला नाही, शंभर सामान्य मुलं एकत्र करतील असा केला. कुस्तीत दोघं लढतात आणि बाकीचे बघतात, सांघिक व्यायामात आणि सांघिक खेळात बघ्याला जागाच नसते. याच गावात द. चिं. मुजुमदार यांनी दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश संपादित केला. कुस्ती-मल्लखांबापासून देशी मैदानी खेळांपर्यंतचं ज्ञान मराठीत एके ठिकाणी आलं ते बडोद्यामुळे, ही गोष्ट आपण पुरेशी सांगत नाही.

शाळेचा वाटाही मोठा. सयाजीराव महाराजांनी सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेली भागात सुरू केलं आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्याला लागू केलं. याचा एक परिणाम कुठल्या अहवालात आला नसेल, पण तो उघड आहे. सगळी पोरं एकाच वेळी सुटू लागली. शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंतचा वेळ सगळ्यांचा एकच झाला. खो-खोला दोन्हीकडचे मिळून अठरा गडी लागतात. घरचं काम आटोपून ज्याला जसं जमेल तसं येणाऱ्या पोरांत इतकी जमवाजमव रोज होणं अवघड होतं.

आणि तिसरी गोष्ट गल्ली. जुन्या बडोद्यातल्या पोळा, म्हणजे बंदिस्त गल्ल्या, संरक्षणासाठी तशा बांधलेल्या: तोंड एकच, आत दोन्ही बाजूंना ओटे, शेवटी भिंत. परका माणूस किंवा बैलगाडी आत शिरली की सगळ्यांना कळायचं. दुपारच्या झोपेनंतर आज्या ओट्यावर येऊन बसल्या की पोरांवर नजर ठेवायला निराळं कुणी लागत नसे.

आमच्या गल्लीतला खो-खो आता नीट सांगतो. खरं मैदान मावणं शक्यच नव्हतं. म्हणून एका टोकाला विजेचा खांब हा एक खुंट, आणि दुसऱ्या टोकाला हौदाचा कोपरा हा दुसरा. आठाऐवजी पाचच जण बसायचे, एकाआड एक तोंडं उलट करून. मधल्या रेषेच्या जागी गटाराची फरशी होती, त्यामुळे रेषा आखायची गरज नाही आणि पाय पडला की आवाजच यायचा, खोटं बोलायची सोयच नव्हती. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की खुंटापर्यंत मागे फिरायचं नाही. पळणारा मात्र बसलेल्यांच्या मधून हवा तसा निसटणार. खरी गंमत त्या निसटण्यात. आमच्याकडे एक अगदी किडकिडीत मुलगी होती. ती बसलेल्या गड्याच्या पाठीला जवळजवळ चिकटून उभी राहायची आणि पाठलाग करणारा अंगावर आला की शेवटच्या क्षणाला खांद्यावरून वळून पलीकडे जायची. तिला बाद करायला दोनतीन खो सहज खर्ची पडत.

पंच असायचे गल्लीतलेच एक काका. पहाटे आखाड्यात जाऊन आलेले, संध्याकाळी ओट्यावर सुपारी कातरत बसलेले. खो पाठीमागूनच द्यायचा, आधी हात लावायचा आणि मग मोठ्याने उच्चार करायचा, बसलेल्याने खो मिळण्याआधी ढुंगण उचललं तर फाऊल, हे सगळं त्यांनी आमच्याकडून घोटून घेतलं. हे नियम काकांनी कुठून आणले असा प्रश्न तेव्हा पडला नाही. त्यांच्या वयाकडे बघता उत्तर सरळ आहे. जिमखान्याने नियम छापले, आखाड्यांनी आणि शाळांनी ते उचलले, आणि तिथे खेळलेली पिढी म्हातारपणी ओट्यावर येऊन बसली. गल्लीतला खेळ छापील पानावर गेला होता, तो माणसांबरोबर परत गल्लीत आला.

मात्र सगळं छापील नियमाने चालत नसे, आणि ते बरंच होतं. सर्वांत धाकटा भाऊ मागे लागायचाच, तो लिंबूटिंबू. त्याने पळायचं, ओरडायचं, खो सुद्धा द्यायचा, पण तो बाद होत नाही. लगोरीत सात चपट्या ठिकऱ्या, फुटक्या कौलाच्या किंवा फरशीच्या. चेंडू एका विशिष्ट ओट्यावर गेला तर डाव थांबवायचा, कारण त्या घरच्या आजी आजारी. असे नियम त्या त्या गल्लीचे. पलीकडच्या पोळात खेळायला गेलो की आधी तिथले नियम विचारून घ्यायचे, ही रीत होती.

मुलींच्या खेळांत दोन संस्कृतींची सरमिसळ आणखी सुंदर दिसे. अश्विनात संध्याकाळी वाड्याच्या अंगणात पाटावर हत्ती काढून भोंडला, फेर धरून गाणी, शेवटी खिरापत ओळखायची. जेवणं झाली की त्याच मुली चौकात गरब्याला. पाय दोन्हीकडे तेच, फेरही तोच, फक्त टाळीचा ठेका बदलायचा. पुण्या-मुंबईच्या मावसबहिणींना याचा फार हेवा वाटे.

क्रिकेटने या खेळांना मागे ढकललं असं म्हणतात. बडोद्यात क्रिकेटही काही कालपरवा आलेलं नाही. मार्च १९४७ मध्ये रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात बडोद्यातच विजय हजारे आणि गुल महंमद यांनी होळकर संघाविरुद्ध चौथ्या जोडीसाठी ५७७ धावांची भागीदारी केली. कोणत्याही जोडीसाठीचा तो विश्वविक्रम २००६ पर्यंत टिकला. म्हणजे आमच्या वडिलांच्या पिढीपासून घरोघरी क्रिकेटचं वेड होतं, आणि तरीही गल्लीत खो-खो, लगोरी, विटीदांडू जोरात चालू होते. मोसम ठरलेले असायचे आणि सगळ्यांना जागा असायची. मोतीबागेला सामना झाला की आठवडाभर फळी-चेंडू, मग पुन्हा विटी. पठाण बंधू मांडवीच्या जामा मशिदीच्या आवारात खेळत वाढले, तेही याच जुन्या शहरातलं.

तेव्हा दोष क्रिकेटला द्यायला माझं मन घेत नाही, टीव्हीलाही नाही. गल्लीची जागा गेली. कोयलीची रिफायनरी १९६५ मध्ये सुरू झाली, पाठोपाठ पेट्रोकेमिकलचे कारखाने आले, नोकऱ्या वाढल्या, आणि तरुण जोडपी कारेलीबाग, मांजलपूर, गोत्रीकडे राहायला गेली. वाडे पाडून तिथे तीन-चार मजली इमारती उभ्या राहिल्या, त्यांना ओटे नव्हते. आमच्या गल्लीत हौदाजवळ पहिली स्कूटर उभी राहिली तेव्हा आम्ही ती हौसेने पुसत होतो. मग दोन्ही बाजूंना स्कूटरी लागल्या, आणि बसायला पाच गड्यांची जागाच राहिली नाही. राज्य १९४९ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाल्यावर आखाड्यांमागचा राजाश्रयही संपलेला होता, आणि १९६० नंतर मराठी शाळांची पटसंख्या हळूहळू रोडावत गेली. पण माझ्या मते खेळ बुडाले ते मुख्यतः त्या आठ-दहा हात रुंदीच्या मोकळ्या जमिनीसाठी.

उत्तरायण टिकलं, कारण त्याला जमीन लागत नाही. १४ आणि १५ जानेवारीला अजूनही सगळं शहर गच्चीवर असतं. गेंडीगेटकडे पतंगांच्या दुकानांवर झुंबड उडते. आमच्या घरी सकाळी तिळगूळ आणि दुपारी शेजारचं उंधियुं, हे आजही चालू आहे.

खो-खो आणि कबड्डी शाळांत आणि मंडळांत आहेत, त्यांचे नियम छापलेले आहेत, त्यांची मला काळजी नाही. काळजी वाटते ती कुठेच न छापलेल्या गोष्टींची: कुठल्या गल्लीत खुंट कोणता, कुणाच्या ओट्यावर चेंडू गेला की डाव बंद, भोंडल्याला कोणत्या वाड्यात पहिला मान. हे जाणणारी माणसं आता साठीच्या पुढे आहेत आणि बडोद्यापासून पुण्यापर्यंत, परदेशापर्यंत विखुरली आहेत. ज्या गावाने देशी खेळांचे नियम लिहून काढले, त्याच गावच्या माणसांनी आपापल्या गल्लीचं हे टिपून ठेवावं, गुजराती शेजाऱ्यांना सोबत घेऊन. मी आमच्या गल्लीपासून सुरुवात केली आहे. खांब, हौद, फरशी आणि ओटे यांचा नकाशा काढून झालाय. सतोडियुंचे नियम शेजारच्या रमणभाईंच्या मुलांकडून अजून यायचे आहेत.