ठिसूळ हाडं, दणदणीत पियानो

मिशेल पेत्रुचियानी या फ्रेंच जॅझ पियानोवादकाची उंची जेमतेम तीन फूट होती. चालायला कुबड्या लागत, मंचावर अनेकदा उचलूनच आणावं लागे. पण नुसतं ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही, इतका त्याचा डावा हात खणखणीत आणि उजव्या हाताची धाव लख्ख.

त्याचा जन्म १९६२ साली दक्षिण फ्रान्समधल्या ओरांज गावी झाला. जन्मतःच ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा हा हाडं ठिसूळ करणारा आजार होता. हाडाला कडकपणा देतं कॅल्शियम आणि चिवटपणा देतं कोलॅजेन हे प्रथिन, जसं काँक्रीटमध्ये सिमेंट आणि सळ्या. कोलॅजेनमध्ये तीन साखळ्या एकमेकींभोवती पीळ घालतात. या साखळ्यांत दर तिसऱ्या जागी ग्लायसीन हे सर्वांत छोटं अमिनो आम्ल असावंच लागतं. पिळाच्या आतल्या बाजूला दुसरं काही मावतच नाही. जनुकातल्या एका अक्षराच्या चुकीने तिथे मोठा रेणू आला की पीळ नीट बसत नाही. गंमत म्हणजे कोलॅजेन निम्मंच तयार झालं तर आजार सहसा सौम्य असतो. बिघडलेली साखळी चांगल्या साखळ्यांत मिसळली, तर मात्र सगळी वीणच खिळखिळी होते.

मिशेल चारेक वर्षांचा असताना त्याने टीव्हीवर ड्यूक एलिंग्टन या अमेरिकन जॅझ पियानोवादकाला पाहिलं आणि पियानो मागितला. घरच्यांनी खेळण्यातला आणून दिला, तर त्याने तो हातोडीने फोडला! मग खरा पियानो आला. वडील गिटारवादक, त्यामुळे घरात जॅझ होताच. तेराव्या वर्षी तो मैफलीत वाजवू लागला.

एवढ्या लहान देहातून एवढा आवाज येतो कसा? पियानोची पट्टी दाबायला साधारण ५० ग्रॅम वजन पुरतं. ती फक्त एक सेंटिमीटर खाली जाते, पण तरफांच्या रचनेमुळे आतली हातोडी तिच्या सुमारे पाचपट वेगाने उसळते. तारेला लागण्याआधीच हातोडी पट्टीपासून सुटलेली असते, म्हणून नंतर कितीही रेटलं तरी उपयोग नाही. आवाज ठरतो तो हातोडीच्या वेगावर, आणि तो वेग द्यायला वादकाचं वजन लागतंच असं नाही. बोटांची झेप आणि तिच्यावरचा ताबा लागतो, आणि तो मिशेलने तासन् तास रियाज करून कमावला होता. पाय पोचत नसल्यामुळे पेडलला मात्र खास जोड लावावी लागे. वाजवताना कधी हाड मोडलं, तरी तो थांबत नसे.

पुढे तो कॅलिफोर्नियात गेला. तिथे सॅक्सोफोनवादक चार्ल्स लॉइड मैफलींपासून दूर राहत होते. या पोराचं वादन ऐकून ते पुन्हा मंचावर आले; १९८२ साली दोघं स्वित्झर्लंडमधल्या माँत्र जॅझ महोत्सवात एकत्र वाजवायला बसले. त्यानंतर मिशेलला ब्लू नोट या नामांकित ध्वनिमुद्रण कंपनीने करारबद्ध केलं. मला स्वतःला त्याच्या शेवटच्या वर्षांतल्या एकल मैफली सर्वांत आवडतात, कारण तिथे त्या डाव्या हाताला कुणाचीच सोबत नाही.

या आजारात बरगड्या आणि कणा वाकतात, फुप्फुसांना जागा उरत नाही. ६ जानेवारी १९९९ रोजी न्यूयॉर्कमध्ये फुप्फुसांच्या संसर्गानेच तो गेला, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. त्याच्या आदल्याच वर्षी माँट्रियलच्या डॉक्टरांनी पामिड्रोनेट या औषधाचे मुलांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. हाड झिजवणाऱ्या पेशींना ते आवर घालतं. मुलांच्या हाडांची घनता वाढली, अस्थिभंग कमी झाले. कोलॅजेनमधली मूळ चूक दुरुस्त करणारं औषध मात्र अजून आलेलं नाही.