सुरमईसाठी सेट घेताना: फेकायचा कोणता, ओढायचा कोणता

काळम्मावाडी, राधानगरीच्या पाण्यावर गळ टाकून हात बसलेली कोल्हापूरची मंडळी दिवाळी उलटली की फोंडा नाहीतर करूळ घाट उतरून देवगड-मालवणकडे वळतात. बेत ठरलेला असतो: होडी करायची, ट्रोलिंग करायचं (म्हणजे चालत्या होडीमागे आमिष ओढत न्यायचं), सुरमई काढायची. त्यासाठी 'समुद्राची रॉड' शोधायला लागलं की रॉड-रीलचे दोन तऱ्हेचे सेट समोर येतात. दोन्ही जाडजूड, दोन्हींवर 30 पौंडांच्या आसपासचा आकडा, किमतीही फार लांब नाहीत. एकाला खाली लटकणारी मोठी स्पिनिंग रील, दुसऱ्याला वर बसणारी, आडव्या पिंपासारखी मल्टिप्लायर. दुकानदाराला विचारलं तर "दोन्ही चालतंय की" म्हणतो. पण पहिला सेट लूर, म्हणजे नकली आमिष, फेकण्यासाठी बनवलेला आहे आणि दुसरा होडीमागे ओढण्यासाठी. या दोन कामांत मासा सेटवर येतो तोच वेगळ्या तऱ्हेने.

फेकताना रॉड तुमच्या हातात असते. मासा लागला की मनगट, कोपर, खांदा आपोआप थोडं सोडतात, थोडं धरतात. ट्रोलिंगमध्ये रॉड होडीच्या कडेला होल्डरमध्ये उभी असते आणि लूर 30-40 मीटर मागे पळत असतं. सुरमईसाठी मिनो (लहान माशाच्या आकाराचं लूर) ओढताना होडी पाच-सहा नॉट्सने, म्हणजे ताशी नऊ ते अकरा किलोमीटरने पुढे जात असते. सुरमई त्याहून वेगाने येऊन आडवा घाव घालते. तांडेल (होडी चालवणारा) इंजिन कमी करेपर्यंत आणि तुम्ही रॉडपर्यंत पोचेपर्यंतचे पहिले काही क्षण तो सगळा हिसका सेटला एकट्यालाच झेलायचा असतो. ओढायचा सेट घेताना प्रत्येक गोष्ट याच कसोटीवर बघावी.

रीलपासून सुरुवात करू, कारण खरा फरक तिथेच आहे. स्पिनिंग रीलचा स्पूल, म्हणजे लाईन गुंडाळली जाते ती फिरकी, गुंडाळताना फिरत नाही. त्याभोवती रोटर फिरतो आणि लाईन एका लहान रोलरवरून काटकोनात वळून आत जाते. फेकायला ही रचना उत्तम, कारण लाईन स्पूलच्या तोंडावरून मोकळी सुटते. पण जड मासा ओढताना त्या काटकोनात आणि दातांच्या तिरक्या जोडणीत बरीच ताकद वाया जाते. शिवाय ड्रॅग (ठरलेल्या ताणापलीकडे लाईन सोडणारा रीलचा ब्रेक) सुटत असताना घाबरून हँडल फिरवत राहिलात तर लाईन आत येत नाही, तिला नुसता पीळ बसतो. पाचास एक गियर असेल तर हँडलचा एक फेरा म्हणजे पाच पीळ. मासा बाहेर पळत असताना असे पंधरा-वीस फेरे मारले की पुढच्या वेळी लाईन ढिली पडताच तिच्या गाठी होतात.

मल्टिप्लायरमध्ये स्पूलच फिरतो. लाईन सरळ येते, सरळ जाते. एका बाजूला क्लिकरचा खटका असतो. तो लावून ठेवला की मासा लागताच रील कर्रकन ओरडते आणि इंजिनाच्या आवाजातही ते ऐकू जातं. ड्रॅगचे दोन प्रकार मिळतात. स्टार ड्रॅगला हँडलखाली चांदणीसारखं चाक असतं. लिव्हर ड्रॅगला बाजूला दांडी असते आणि ती 'स्ट्राइक'च्या खुणेपर्यंत ढकलली की आधी ठरवलेला ताण मिळतो. ट्रोलिंगसाठी माझं मत सरळ लिव्हरच्या बाजूने आहे. मासा पळत असताना ताण कमी करायचा असेल तर दांडी बोटभर मागे घ्यायची, झालं, आणि परत खुणेवर आणायला मोजदाद लागत नाही. स्पिनिंग रीलचा नॉब पुढच्या टोकाला, सुटणाऱ्या लाईनच्या अगदी मधोमध असतो. अशा वेळी तिथे बोटं घालणं सोयीचंही नाही आणि बरंही नाही.

ड्रॅगचा ताण अंदाजाने लावू नका. बॅगेचं वजन करायचा हुकाचा काटा घ्या. लाईन रॉडच्या सगळ्या कड्यांतून ओवून टोकाला फास करा, तो काट्यात अडकवा. एकाने रॉड तिरकी धरायची, दुसऱ्याने काटा सावकाश मागे ओढत न्यायचा. लाईन एकसारखी सुटत असताना काटा जो आकडा दाखवेल तो तुमचा ड्रॅग. तो लाईनच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शात असावा. 30 पौंड म्हणजे साडेतेरा किलो, तेव्हा साडेतीन ते साडेचार किलो पुरे. सुटायच्या क्षणी काटा सहावर उडी मारून मग चारवर येत असेल तर ड्रॅग अडखळतोय, आणि अशी रील कितीही चकचकीत असली तरी घेऊ नये. होडीच्या वेगात ती पहिली उडीच लाईन तोडते.

पुढची गोष्ट थोडी उलटी वाटते. मासा लांब पळाला की आपला हात ड्रॅग आवळायला जातो. पण लाईन बाहेर गेली की स्पूलवरच्या गुंडाळीचा व्यास कमी होतो, आणि व्यास अर्धा झाला की त्याच ड्रॅगला लाईनवरचा ताण दुप्पट होतो. भरलेल्या स्पूलला चार किलो लावलेला ड्रॅग तेव्हा आठ किलोचं काम करतो. पाण्यात ताणलेल्या लांब लाईनचा अवरोध त्यात वेगळाच. म्हणून लांब पळणाऱ्या माशाला ड्रॅग थोडा सोडायचा असतो. सतत सुटणारा ड्रॅग करूळ घाट उतरताना ब्रेक तापतात तसा तापतोही, आणि मल्टिप्लायरच्या मोठ्या वॉशरांना ती उष्णता जास्त सोसते.

रॉड ओळखायला सोपी आहे, फक्त हँडलच्या वर छापलेली ओळ वाचा. तिथे लूरचं वजन ग्रॅममध्ये दिलेलं असेल, 60 ते 120 वगैरे, तर ती फेकायची रॉड. फक्त लाईनची ताकद पौंडात किंवा किलोत दिलेली असेल तर बहुतेक ओढायची. फेकायची रॉड साडेसात-आठ फुटांची, हलकी, ग्रॅफाइटची, आणि तिचं पहिलं कडं मोठं असतं. ओढायची साडेपाच-सहा फुटांची आणि ग्लासचं (फायबरग्लासचं) प्रमाण जास्त असलेली बरी. ग्लास जड असतं, पण होल्डरमध्ये दिवसभर वाकून राहणं आणि होडीच्या काठाचे ठोके खाणं ते ग्रॅफाइटपेक्षा जास्त सहन करतं. बुडाशी फुलीच्या आकाराची खाच आहे का ते पाहा. होल्डरच्या आतल्या आडव्या पिनेवर ती खाच बसते आणि वर बसलेली रील एका अंगाला कलंडत नाही. रोलरच्या कड्यांचा मोह 30 पौंडी सेटला नको. चांगली सिरॅमिकची कडी पुरतात, आणि बारीक ब्रेडेड (धागे विणून केलेली) लाईन जुन्या रोलरच्या फटीत शिरते.

लाईनच्या बाबतीत मला आग्रहाने सांगायचंय, कारण इथे महागडं तेच चांगलं अशी समजूत आहे. ब्रेडेड लाईन त्याच ताकदीच्या तंगुसाच्या (एकपदरी नायलॉनच्या लाईनच्या) जवळपास निम्म्या जाडीची असते आणि तीन-चार टक्क्यांपलीकडे ताणत नाही. फेकायला यासारखं दुसरं काही नाही: लांब जाते, आणि लूरला दिलेला हलका झटकाही पोचतो. ट्रोलिंगला मात्र हाच गुण अंगावर येतो. हिसका मध्ये कुठेच जिरत नाही आणि गळ सुरमईच्या तोंडातून फाडून बाहेर येतो. तंगूस जोराच्या ओढीला पंधरा-वीस टक्के लांबतं. 40 मीटर तंगूस मागे असेल तर पहिला धक्का त्या काही मीटरांतच विरतो. तेव्हा पहिल्या सेटला साधं 30 पौंडी, साधारण 0.55 मिलिमीटरचं तंगूस भरा. ते स्वस्तही आहे, आणि उन्हाने कमजोर होत असल्याने दर हंगामाला बदलणं परवडतं. पुढे लाईन जास्त मावायला हवी असं वाटलं तर खाली ब्रेडेड आणि वर 80-100 मीटर तंगूस हा मेळ उत्तम. टोकाला हातभर एकपदरी स्टीलची तार आणि चांगला स्विव्हल (पीळ न बसू देणारी फिरती कडी) हवाच. सुरमईचे दात कुठलंही तंगूस सहज कापतात.

मग घरात असलेला फेकायचा सेट नेऊच नये का? जरूर न्यावा. ओढता ओढता पाण्यावर पाखरं तुटून पडताना दिसली, तारलीचा थवा उसळला, की तांडेलला इंजिन मंद करायला सांगून तिथे पॉपर (पाण्यावर खळखळ करणारं लूर) फेकायचा असतो, आणि त्या वेळी मल्टिप्लायर कामाची नाही. एकच सेट परवडत असेल आणि तो 8000-10000 आकाराच्या स्पिनिंग रीलचा असेल, तरी त्याने ट्रोलिंग होतं. वेग तीन-चार नॉट्सवर आणायचा, लूर लहान घ्यायचं, ब्रेडेडच्या पुढे आठ-दहा मीटर तंगूस जोडायचं आणि ड्रॅग नेहमीपेक्षा हलका ठेवायचा. रॉड मात्र होल्डरमध्ये ठेवून गप्पा मारत बसायचं नाही, हातात धरायची.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. मालवणच्या आसपास जात असाल तर 1987 साली जाहीर झालेल्या सागरी अभयारण्याची हद्द तांडेलला आधीच विचारून घ्या.

सेट धुवायचं काम मात्र कोल्हापूरला येईपर्यंत लांबवू नका. घाट चढून घरी पोचेस्तोवर मीठ रीलमध्ये वाळून बसलेलं असतं. मुक्कामाच्या जागीच गोड्या पाण्याची हलकी धार द्या, जोराचा पाईप नको. धुताना ड्रॅग आवळलेला ठेवा म्हणजे पाणी वॉशरांत शिरत नाही, आणि रील वाळली की तो पूर्ण सैल करूनच ठेवा, नाहीतर वॉशर दबून बसतात.